गेर्निका शेवटी पाहा: माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयात दीड दिवस

माद्रिदमधल्या आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं पूर्ण नाव लांबलचक आहे, पण सगळे त्याला नुसतं 'रेइना सोफिया' म्हणतात. इथे येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकाच चित्रासाठी येतो, ते म्हणजे पिकासोचं 'गेर्निका'. दारातून शिरायचं, बाण बघत दुसरा मजला गाठायचा, गर्दीत टाचा उंचावून फोटो घ्यायचा आणि तासाभरात बाहेर. पहिल्या खेपेला मीही तेच केलं. संध्याकाळी कुणीतरी विचारलं, "कसं वाटलं?" तर "मोठं आहे" यापलीकडे मला काही सांगता येईना.

दुसऱ्या खेपेला मी क्रम बदलला. आधी शेजारच्या प्रादो संग्रहालयातलं जुना स्पॅनिश चित्रकार गोया याचं एक चित्र, मग रेइना सोफियातली आजूबाजूची दालनं आणि सगळ्यात शेवटी गेर्निका. जमलं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा एकदा गेर्निका. खालचं सगळं नियोजन या क्रमाभोवती बेतलेलं आहे.

दिवस आणि वेळ

रेइना सोफिया मंगळवारी बंद असतं. बाहेरगावचे पाहुणे हमखास फसतात ते इथेच, कारण युरोपातल्या बऱ्याच संग्रहालयांची सुट्टी सोमवारी असते आणि आपण तेच गृहीत धरतो. सोमवारी आणि बुधवार ते शनिवार सकाळी १० ते रात्री ९ पर्यंत दारं उघडी असतात. रविवारी मात्र दुपारी २.३० लाच आवरतं. १ आणि ६ जानेवारी, १ मे, २५ डिसेंबर अशा सणावारी बंद असतं. ६ जानेवारी हा स्पेनमध्ये तीन राजांचा सण, मुलांना भेटी मिळण्याचा दिवस. आपल्या कॅलेंडरवर तो दिसत नाही, म्हणून ध्यानात ठेवा.

तिकीट १२ युरोचं आहे. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत. शेवटचे दोन तास सगळ्यांनाच मोफत, म्हणजे इतर दिवशी संध्याकाळी ७ ते ९ आणि रविवारी दुपारी १२.३० ते २.३०. निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या वेबसाइटवर वेळा आणि दर एकदा पडताळून घ्या, तिकीटही तिथूनच काढा.

मोफतच्या वेळेचा मोह होतो, पण पहिली भेट त्या वेळेत उरकू नका. सातच्या आधीपासून बाहेर रांग लागलेली असते. आत शिरेपर्यंत त्या दोन तासांतला वेळ खर्ची पडतो, आणि आत आलेले सगळे थेट दुसऱ्या मजल्याकडेच निघतात. शिवाय बंद व्हायच्या पंधरा मिनिटं आधीपासून दालनं रिकामी करायला लागतात. पहिल्या भेटीला १२ युरो मोजा आणि सकाळी दहाला दारात उभे राहा. मोफतची संध्याकाळ दुसऱ्या भेटीसाठी राखून ठेवा, तेव्हा तुम्हाला एकच चित्र पाहायचं असेल.

आदल्या दिवशी: प्रादोतला एक तास

रेइना सोफियापासून प्रादो चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. वाट पासेओ देल प्रादो या झाडांच्या रस्त्यानं जाते. तिसरं मोठं संग्रहालय थिसेन-बोर्नेमिसा, तेही याच रस्त्यावर. हा रस्ता आणि त्यामागचं रेतिरो उद्यान मिळून २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. तिन्ही संग्रहालयं एका दिवसात करणारे लोक आहेत. ते रात्री हॉटेलवर पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसतात.

प्रादो पूर्ण बघायला दोन दिवसही पुरत नाहीत, पण आपल्या कामापुरता एक तास पुरे. तिथेही शेवटचे दोन तास मोफत असतात, सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८. आत गेल्यावर गोयाचं '३ मे १८०८' कुठे आहे ते विचारा. नेपोलियनच्या सैन्याविरुद्ध माद्रिदची जनता उठली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फ्रेंच सैनिकांनी लोकांना ओळीनं उभं करून गोळ्या घातल्या. गोयानं ते १८१४ मध्ये रंगवलं.

या चित्रातल्या तीन गोष्टी डोक्यात साठवून घ्या. पांढऱ्या सदऱ्यातला माणूस, दोन्ही हात वर पसरलेला. जमिनीवर ठेवलेला चौकोनी कंदील, ज्याच्या उजेडात मारेकऱ्यांना नेम धरता येतोय. आणि पाठमोरे सैनिक, ज्यांच्यापैकी एकाचाही चेहरा दिसत नाही. उद्या या तिन्ही गोष्टी पुन्हा भेटणार आहेत, वेगळ्या वेषात.

जाता जाता एक गंमत. स्पेनमध्ये १९३६ साली यादवी पेटली तेव्हा प्रजासत्ताक सरकारनं पिकासोला प्रादोचा संचालक नेमलं होतं. तो पॅरिसमध्येच राहिला, खुर्चीवर कधी येऊन बसला नाही.

पोचायचं कसं

मेट्रोची लाइन १ पकडा आणि 'एस्तासिओन देल आर्ते' या स्थानकावर उतरा. याचं जुनं नाव 'अतोचा' होतं, ते २०१८ मध्ये बदललं. पुढचं स्थानक, जे पूर्वी 'अतोचा रेन्फे' होतं, त्याला आता नुसतं 'अतोचा' म्हणतात. जुना नकाशा किंवा जुनं मार्गदर्शक पुस्तक हातात असेल तर इथे घोळ होतो. एक स्थानक पुढे गेलात तरी बिघडत नाही, परत चालत यायला काही मिनिटं लागतात. विमानतळाच्या टर्मिनल ४ वरून लोकल गाडी, जिला तिथे 'सेर्कानियास' म्हणतात, थेट अतोचाला आणून सोडते.

अतोचाला उतरलातच तर जुन्या स्टेशनची लोखंड आणि काचेची कमान बघून घ्या. ती १८९२ ची आहे. त्याखाली आता गाड्या येत नाहीत, तिथे उष्ण प्रदेशातल्या झाडांची बाग केली आहे. स्टेशन म्हटलं की खिसेकापू आलेच. पासपोर्ट आतल्या खिशात, बॅग पुढे.

दार, सामान आणि ही इमारत

संग्रहालयाच्या दोन इमारती आहेत आणि दारंही दोन. जुनी इमारत सबातिनीची, नवी ज्याँ नुवेल या फ्रेंच वास्तुरचनाकाराची. पहिल्या भेटीला जुन्या दारानं शिरा. रांग थोडी मोठी असली तरी हरकत नाही, कारण इमारतीची गोष्ट तिथूनच सुरू होते.

हे मूळचं रुग्णालय. अठराव्या शतकात माद्रिदचं सार्वजनिक रुग्णालय म्हणून याचं काम सुरू झालं. आधी होसे दे एर्मोसिया आणि नंतर फ्रान्सेस्को सबातिनी यांनी ते आखलं. जाड भिंती, उंच कमानीच्या छताचे लांब व्हरांडे, मधोमध झाडांचा चौक. १९६५ मध्ये रुग्णालय हललं, इमारत ओस पडली आणि पाडायच्या गोष्टी सुरू झाल्या. १९७७ मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि ती वाचली. १९८६ मध्ये तिथे कलाकेंद्र उघडलं, १९८८ मध्ये त्याचं राष्ट्रीय संग्रहालय झालं आणि कायमस्वरूपी संग्रह १९९२ पासून लोकांसाठी खुला झाला. दर्शनी भिंतीला बाहेरून चिकटलेले काचेचे लिफ्टचे मनोरे तेव्हाच्या फेरबदलातले. एका बाजूला दगडी, गंभीर रुग्णालय आणि त्यावर काचेच्या दोन नळ्या. अनेकांना हे जोडकाम खटकतं. मला आवडतं. लिफ्ट वर जाताना खालचा चौक हळूहळू लहान होत जातो, ते बघायला तरी एकदा तिनं जा.

दारापाशी एक उंच, निमुळतं, वळणावळणाचं शिल्प उभं आहे. लोक त्याला टेकून फोन बघत बसतात. ते आल्बेर्तो सांचेझचं आहे, शीर्षक 'स्पॅनिश जनतेची एक वाट आहे, ती एका ताऱ्याकडे जाते'. मूळ शिल्प १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात स्पेनच्या दालनाबाहेर उभं होतं आणि नंतर हरवलं. ही त्याची प्रतिकृती. वर ते दालन पुन्हा भेटेल, म्हणून दोन मिनिटं थांबा.

आत सुरक्षा तपासणी असते. मोठ्या बॅगा, पाठपिशव्या, छत्र्या सामान ठेवायच्या जागी द्याव्या लागतात. पाण्याची बाटली दालनात नेता येत नाही, तेव्हा आधी पिऊन घ्या. नकाशा मात्र नक्की घ्या. दालनांना क्रमांक आहेत, पण चौकाभोवतीचे व्हरांडे चारही बाजूंनी सारखेच दिसतात आणि माणूस गोल गोल फिरत राहतो.

आधी खाली: चौक आणि हरवलेलं पोलाद

वर जायची घाई करू नका. आधी चौकात जा. जुन्या रुग्णालयाची ही बाग आता शिल्पांची जागा आहे. तिथे अलेक्झांडर कॉल्डरचं 'कार्मेन' आहे, वाऱ्यानं फिरणाऱ्या रंगीत पात्यांचं. सकाळी दहाला इथे पक्ष्यांशिवाय कुणी नसतं.

मग खालच्या मजल्यावर रिचर्ड सेराचं शिल्प शोधा. दिसायला पोलादाचे चार ठोकळे, दोन लांबट आणि दोन चौकोनी, बस्स. "यात काय कला?" असं मनात येईल, येऊ द्या. आता गोष्ट ऐका. हे शिल्प १९८६ मध्ये झालं, वजन ३८ टन. संग्रहालयानं ते विकत घेतलं आणि जागा नाही म्हणून बाहेरच्या एका गोदामात ठेवलं. गोदाम चालवणारी कंपनी बुडाली. काही वर्षांनी शिल्प परत मांडायचं ठरलं, तेव्हा ते जागेवरच नव्हतं. ३८ टन पोलाद कुठे गेलं ते आजवर कळलेलं नाही. २००६ च्या सुरुवातीला ही बातमी जगभर झाली. सेरानं तेच शिल्प पुन्हा घडवून द्यायचं कबूल केलं. समोर आहे ते हे दुसरं. शीर्षकात दोन गावं आहेत, गेर्निका आणि बेनगाझी. दोन्हींवर आकाशातून बॉम्ब पडले, एकावर १९३७ मध्ये, दुसऱ्यावर १९८६ मध्ये. वरच्या चित्राचं नाव असं खालीच कानावर पडतं.

ठोकळ्यांच्या मधून चाला. हात लावू नका, पहारेकरी लगेच पुढे येतो.

दुसरा मजला, पण सरळ नाही

आता वर. दालनांची मांडणी अधूनमधून बदलते, त्यामुळे पुढची चित्रं नेमकी कोणत्या भिंतीवर असतील ते नकाशावर किंवा तिथल्या माणसाला विचारून बघा. प्रत्येक दालनात थांबायचं नाही. मी चार थांबे घेतो.

पहिला, पिकासोचं 'निळ्या पोशाखातली स्त्री', १९०१ चं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि माद्रिदमध्ये राहत होता. त्यानं हे चित्र राष्ट्रीय प्रदर्शनाला पाठवलं. फारसं कुणी दखल घेतली नाही, आणि तोही ते परत न्यायला फिरकला नाही. अस्सल स्पॅनिश दरबारी चित्रांसारखा फुगीर घागरा, आणि वर रंगानं माखलेला थकलेला चेहरा.

दुसरा, दालीचं 'खिडकीतली मुलगी', १९२५ चं. पाठमोरी उभी आहे ती त्याची बहीण, समोर कादाकेसचा समुद्र. दाली म्हटलं की वितळणारी घड्याळंच आठवणाऱ्यांनी इथे जरूर थांबावं. खिडकीची डावी बाजू नीट बघा, तिला झडपच नाही. चित्र इतकं शांत आहे की ही खोड पटकन लक्षात येत नाही.

तिसरा थांबा त्याचाच, चारच वर्षांनंतरचा. १९२९ चं 'थोर हस्तमैथुनकर्त्याचा चेहरा'. सोबत मुलं असतील तर शीर्षकाचा फलक मोठ्यानं वाचायच्या भानगडीत पडू नका. नाक जमिनीला टेकलेलं मोठं पिवळं डोकं, डोळे मिटलेले, आणि तोंडाच्या जागी टोळ चिकटलेला. डोक्याचा हा आकार त्याला कादाकेसजवळच्या किनाऱ्यावरच्या एका खडकात दिसला होता.

चौथ्या थांब्यासाठी वेळ राखून ठेवा, कारण इथे गर्दी नसते आणि असायला हवी. आंखेलेस सांतोसचं 'एक जग', तेही १९२९ चं. सुमारे तीन मीटर गुणिले तीन मीटरचं हे चित्र तिनं काढलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि वायादोलिद शहरात राहत होती. पृथ्वी गोल नाही, घनाकृती आहे. तिच्या बाजूंवर घरं, रेल्वे, माणसं, दफनं, सगळा रोजचा संसार. कोपऱ्यात स्त्रियांची रांग सूर्याकडून आग घेऊन तारे पेटवत निघाली आहे. मी इथे वीस मिनिटं उभा राहिलो तेव्हा माझ्या मागून निदान शंभर माणसं गेर्निकाकडे गेली असतील.

गेर्निका

अजूनही थेट चित्रासमोर जाऊ नका. शेजारच्या दालनात १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनातल्या स्पॅनिश दालनाचं छोटं प्रतिरूप असतं. ते आधी बघा. स्पेनमध्ये यादवी चालू होती, प्रजासत्ताक सरकारला जगापुढे आपली बाजू मांडायची होती. त्यासाठी त्यांनी पिकासोला एक भित्तिचित्र सांगितलं. काही महिने त्याला विषय सुचेना. मग २६ एप्रिल १९३७ ला, सोमवारी, सरकारविरुद्ध उठलेल्या जनरल फ्रँकोच्या मदतीला आलेल्या जर्मन आणि इटालियन विमानांनी बास्क प्रदेशातलं गेर्निका हे गाव जाळलं. पिकासोनं ते पॅरिसच्या वर्तमानपत्रांत वाचलं. १ मे ला त्यानं पहिलं रेखाटन केलं आणि जूनमध्ये चित्र पुरं झालं.

मग रेखाटनं आणि पिकासोची मैत्रीण, छायाचित्रकार डोरा मार हिनं काढलेली छायाचित्रं. चित्र पुढे सरकत असताना तिनं टप्प्याटप्प्यानं त्याचे फोटो घेतले. पहिल्या फोटोत खाली पडलेल्या सैनिकाचा हात ताठ वर आहे, मूठ आवळलेली. पुढच्या टप्प्यांत ती मूठ नाहीशी होते. घोषणा देणारा हात पिकासोनं स्वतःच पुसून टाकला, हे कळल्यावर मोठं चित्र वेगळं दिसतं.

आता आत जा. ३.४९ मीटर उंच, ७.७७ मीटर रुंद. आधी जितकं मागे जाता येईल तितकं मागे जा. काळा, पांढरा, करडा, चौथा रंग नाही. विमान नाही, बॉम्बही नाही. मग उजव्या टोकाला जा आणि तिथून डावीकडे सरकत बघा. आपण डावीकडून उजवीकडे वाचणारी माणसं, चित्रही तसंच वाचतो, पण यातली धावपळ उलटी आहे. उजवीकडे आगीत हात वर पसरलेली बाई. कालचा पांढरा सदरा आठवतोय? पाय ओढत पळणारी दुसरी. खिडकीतून दिवा पुढे करणारी तिसरी. मधोमध भाला घुसलेला घोडा, त्याच्या अंगावर छापील ओळींसारख्या बारीक रेघा. वर विजेचा दिवा, डोळ्यासारखा. तो गोयाचा कंदील असावा असं मला वाटतं, तज्ज्ञ काय म्हणतील ते म्हणोत. डाव्या टोकाला मेलेलं मूल मांडीवर घेऊन किंचाळणारी आई आणि तिच्या मागे बैल. बैल आणि घोडा यांच्या मध्ये अंधारात एक पक्षी आहे, चोच उघडी. तो सापडेपर्यंत हलू नका. खाली सैनिकाच्या मुठीत मोडकी तलवार आहे आणि तिच्याशेजारी एक फूल.

गोयाकडे मारेकऱ्यांना निदान पाठ तरी होती. इथे ते चित्रात नाहीतच.

फोटोंबद्दल सारखं विचारतात म्हणून सांगतो. २०२३ पर्यंत या दालनात फोटो काढायला बंदी होती, आता मोबाइलनं काढता येतात. फ्लॅश आणि सेल्फी स्टिक चालत नाही. माझ्या मते एकच फोटो काढा, तोही शेवटी. समोर गर्दी फार असेल तर दोन्ही कडांना उभं राहायला नेहमी जागा मिळते, मधोमध मिळत नाही.

आणि हे चित्र तुमच्या शहरात येईल अशी वाट बघू नका. प्रदर्शनानंतर ते युरोपभर आणि अमेरिकेत गुंडाळून गुंडाळून फिरलं. १९३९ पासून न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या ताब्यात होतं. स्पेनमध्ये लोकशाही येईपर्यंत ते तिथे पाठवायचं नाही, अशी पिकासोची अट होती. तो १९७३ मध्ये गेला, हुकूमशहा फ्रँको १९७५ मध्ये, आणि चित्र १९८१ मध्ये माद्रिदला आलं. आधी प्रादोच्या एका उपइमारतीत, १९९२ पासून इथे. या सगळ्या फिरतीत कापड इतकं शिणलं आहे की संग्रहालय ते आता कुणालाही देत नाही. बास्क लोकांनी मागितलं तेव्हाही दिलं नाही.

नंतर

गेर्निका पाहून झालं की आणखी चित्रं पाहायची ताकद उरत नाही, निदान माझ्यात उरत नाही. तरी बाहेर पडताना नुवेलच्या इमारतीतून जा. २००५ ची आहे, वर प्रचंड मोठं तांबडं छप्पर. तिच्या चौकात लिक्टेनश्टाइनचं कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखं उंच शिल्प आहे. पुस्तकांचं दुकानही याच बाजूला. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी असेल तर लिफ्टनं सगळ्या मजल्यांवर जाता येतं.

भूक लागली असेल तर माद्रिदचं दुपारचं जेवण दोनच्या पुढे सुरू होतं हे लक्षात घ्या. साडेबाराला उपाहारगृहात गेलात तर फार तर कॉफी मिळेल. अतोचाच्या आसपास कालामारेसचा सँडविच प्रसिद्ध आहे, म्हणजे पावात तळलेला माकुल. शाकाहारी असाल तर 'तोर्तिया' मागण्याआधी विचार करा, त्यात अंडं असतं. तळलेल्या हिरव्या पिमिएन्तोस दे पाद्रोन मिरच्या आणि गास्पाचो, म्हणजे टोमॅटोचं गार सूप, यांनी काम भागतं.

पोट भरल्यावर दोन वाटा. सांता इसाबेल रस्त्यानं चढावर गेलात तर सिने दोरे लागतं, १९२३ चं जुनं चित्रपटगृह. ते आता राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं आहे. उलट्या बाजूला, प्रादोच्या रस्त्याच्या टोकाला, कुएस्ता दे मोयानो ही चढण आहे. तिथे १९२५ पासून लाकडी टपऱ्यांमध्ये जुनी पुस्तकं विकतात. टपऱ्या ओलांडून वर गेलं की रेतिरो उद्यान.

दुसऱ्या भेटीसाठी संध्याकाळी साडेसहाला रांगेत लागा. बरोबर पाठपिशवी आणू नका, म्हणजे सामान ठेवायच्या खिडकीवरचा वेळ वाचतो. आठच्या पुढे गर्दी पातळ होते आणि साधारण पावणेनऊला पहारेकरी दारापासून सुरुवात करत लोकांना हलवायला लागतात. त्याआधीची दहा मिनिटं सगळ्यात बरी, मधोमध उभं राहायला जागा मिळते.